मोगऱ्याला कूलर

पहिली पाळी संपवून मी घरी आलो तेव्हा सासरे भर उन्हात अंगणात उकिडवे बसले होते आणि त्यांच्यासमोर ओल्या गोणपाटावर सासूबाईंचा मोगरा मुळासकट आडवा पडला होता.

ज्यांनी चंद्रपूरचा मे महिना काढलेला नाही त्यांना यातला वेडेपणा कळायचा नाही. दुपारी तिथे कावळासुद्धा चोच उघडी टाकून सावलीत बसतो. रस्ते ओस, दारं-खिडक्या बंद, आणि घराघरातून फक्त कूलरची घरघर. त्यात नवतपा लागलेला. म्हणजे मेअखेरचे ते दिवस, ज्यात ऊन नुसतं तापत नाही, भाजून काढतं. अशा उन्हात पासष्टीचा माणूस डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून, एका हातात सुतळी आणि दुसऱ्या हातात चुन्याची मूठ घेऊन अंगणभर पांढऱ्या रेघा मारत होता.

मी स्कूटर भिंतीला लावली आणि नुसता बघत उभा राहिलो.

"काही लोकांना उभं राहून पाहायची फार आवड असते," सासरे मोगऱ्याला म्हणाले.

हे माझ्यासाठी होतं. माझ्याशी ते थेट बोलत नसत.

आमचं लग्न छायाने आणि मी ठरवलेलं. मी भूपाल आरगे, सांगलीकडच्या जैन शेतकऱ्याचा मुलगा, नोकरीनिमित्त इथल्या वीज केंद्रात येऊन पडलेला. ती मुनघाट्यांची मुलगी, एका भावाची एकटी बहीण, शाळेत शिक्षिका. सासूबाईंनी दोन दिवस रडून तिसऱ्या दिवशी मला जेवायला बोलावलं. नामदेवराव मुनघाटे, म्हणजे सासरे, नाही म्हणाले नाहीत आणि हो पण म्हणाले नाहीत. जात आडवी आली असेल थोडीफार; पण छाया म्हणायची की त्यांचं खरं दुखणं वेगळं आहे. उद्या याची बदली झाली की पोरगी मुलखाच्या दुसऱ्या टोकाला जाणार, हे त्यांच्या मनातून जात नव्हतं. लग्नाला आले, पंगतीत फिरून आग्रह केला, माझ्या वडिलांना रुमाल बांधला आणि त्यानंतर माझ्याशी बोलणं बंद ठेवलं.

वीज केंद्राच्या वसाहतीत घर मिळेपर्यंत आम्ही त्यांच्याच घरी वरच्या खोलीत राहत होतो. तो सासूबाईंचा हट्ट. एका ताटव्यात दोन झाडं वाढावीत आणि एकमेकांकडे पाठ करून वाढावीत, तसे आम्ही दोघे तिथे नांदत होतो. "त्यांना म्हणावं, स्कूटर आत घ्या," असं ते माझ्यादेखत सासूबाईंना सांगत. सासूबाई मला सांगत. मी स्कूटर आत घेई. बोलण्यात कुठे अडत नव्हतं, पण आतून मी कंटाळलो होतो. वसाहतीतल्या घरासाठी मी नाव लावलं होतं आणि ते पावसाळ्याआधी मिळेल असं कानावर आलं होतं. हे फक्त छायाला माहीत होतं.

मग रायपूरला माझ्या मेहुण्याकडे बाळ झालं आणि सासूबाई तिकडे गेल्या. शाळेला सुट्टी, म्हणून छायाही त्यांच्याबरोबर गेली. घरातले दोन्ही दुभाषे एकाच गाडीने निघून गेले आणि आम्ही दोघेच उरलो.

तेव्हापासून सासरे वस्तूंशी बोलू लागले. बादलीला सांगत, की नळ पहाटे येऊन गेला. घड्याळाला विचारत, की आज पाळी कोणती. स्वयंपाक मात्र तेच करत. मी कांदा खात नाही हे त्यांना कुणीतरी सांगितलं असावं, कारण बेसन कांद्याशिवाय व्हायचं आणि त्यांच्या ताटापुढे चिरलेल्या कांद्याची वाटी वेगळी असायची. त्याबद्दल ते कुठल्याच वस्तूशी काही बोलले नाहीत.

आता हे अंगण. घरापुढची ही बाग पूर्ण सासूबाईंची. बाग म्हणायची ती म्हणायची म्हणून. खरं तर ते एक सुखी गर्दीचं ठिकाण होतं. मोगऱ्याच्या बुडाशी गवती चहा, गवती चहात घुसलेली वांगी, वांग्यांवरून पलीकडे गेलेली तोंडलीची वेल, डालड्याच्या डब्यांत अबोली, फुटक्या माठात कोरफड. पाऊल कुठे टाकायचं ते एकट्या त्यांना ठाऊक. सासरे बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून निवृत्त झाले होते. आयुष्यभर ज्यांनी रस्ते सरळ आखले, त्यांच्या डोळ्यांना हा पसारा रोज खुपत असणार. बायकोची पाठ फिरताच त्यांनी सूड उगवायला घेतला, असंच मला त्या दुपारी वाटलं.

तरी मी कपडे बदलून खाली उतरलो. झाड उन्हात मरतंय आणि आपण कूलरपुढे झोपायचं, हे शेतकऱ्याच्या पोराला जमण्यासारखं नव्हतं. मी कुदळ उचलली. त्यांनी चुन्याच्या रेघेकडे बोट दाखवलं. मी तिथे खणू लागलो.

सुरुवातीला सगळं झकास झालं. संध्याकाळी ऊन उतरलं की आम्ही कामाला लागत असू. मधोमध सरळ फरशीची वाट, वाटेच्या डाव्या हाताला हिरवळ, उजवीकडे विटांचे वाफे, असा त्यांचा बेत होता. एके सकाळी रोपवाटिकेतून टेम्पो आला आणि सतरंजी उलगडावी तशी हिरवळीच्या गुंडाळ्या उलगडून माणसं निघून गेली. कार्यालयाच्या बाहेर असते तसली ती हिरवळ. आमचं अंगण एकदम कुण्या साहेबाच्या बंगल्यासारखं दिसू लागलं. शेजारच्या उमाठे काकू भिंतीवरून डोकं काढून, "बाप्पा, काय सुरेख करून राहिले भाऊजी," म्हणाल्या. त्या संध्याकाळी सासरे पायजम्याचे पाय वर दुमडून हिरवळीवर अनवाणी फेऱ्या मारत होते. फेरी माझ्याजवळून गेली की चाल जरा संथ व्हायची. मीही चप्पल काढून दोन फेऱ्या मारल्या. तेवढंच आमचं संभाषण.

पण नवतप्याने कुणाला सोडलंय? नळ एक दिवसाआड येत होता, विहिरीला गाळ लागला होता. हिरवळ आधी कडेने पिवळी झाली, मग मधे, मग पायाखाली कुरकुरू लागली. वांग्यांनी माना टाकल्या. तोंडलीची वेल जागेवरून हलवली त्याच दिवशी गेली. सासरे पहाटे उठून झारीने पाणी घालत, मी पाळीवरून आलो की घालत असे, आणि सूर्य ते सगळं आमच्या डोळ्यांदेखत पिऊन टाकत असे. पाने वाळून गळायला लागलेला मोगरा मात्र त्यांना बघवत नव्हता. तो सासूबाईंनी लग्न होऊन आल्यावर माहेरून आणलेला होता. आधी त्यावर धोतराची सावली केली. मग खोडाला ओली फडकी गुंडाळली. तरी एकेक पान खाली येतच होतं.

त्या दुपारी मी बैठकीत कूलरपुढे पेपर चाळत बसलो होतो. सासरे बाहेर जाऊन आले, दारात उभे राहिले, पुन्हा बाहेर जाऊन आले. मग कूलरकडे असे बघत राहिले की मला जागेवरून उठावंसं वाटलं.

"भूपाल," ते म्हणाले, "तिकडून धरा."

लग्न झाल्यापासून त्यांच्या तोंडून माझं नाव मी पहिल्यांदा ऐकलं. काय धरायचं हे विचारायचं भानही राहिलं नाही. आम्ही दोघांनी तो भला थोरला लोखंडी कूलर, अर्धवट भरलेल्या पाण्यासकट, हिंदकळत हिंदकळत उंबऱ्यावरून बाहेर काढला. माझा पायजमा गुडघ्यापर्यंत भिजला. खिडकीतून वायर सोडली. कूलरचं तोंड मोगऱ्याकडे केलं आणि बटण दाबलं. धोतर शिडासारखं फुगलं. वाळ्याच्या ताट्यांचा थंड वास अंगणभर पसरला आणि आम्ही दोघे भट्टी झालेल्या घराच्या उंबऱ्यावर, घामाने निथळत, हातपंख्याने वारा घेत मोगऱ्याकडे बघत बसलो.

भिंतीवरून उमाठे काकूंचं डोकं वर आलं. त्यांनी कूलर पाहिला, मग आम्हाला पाहिलं.

"भाऊजी, हे काय करून राहिले?"

"मोगऱ्याला गरम होऊन राहिलं वहिनी," सासरे म्हणाले. आवाजात जराही लाज नव्हती.

मला हसू आवरेना. मी मान फिरवली तर तेही दुपट्ट्यात तोंड लपवून हलत होते. काकूंचं डोकं खाली गेल्यावर आम्ही दोघेही पोट धरून हसलो. पुढे रोज दुपारी कूलर बाहेर नेणं हा नेम झाला. घरात झोप अशक्य होती, म्हणून आम्ही उंबऱ्यावरच बसायचो. तिथे त्यांनी मला विचारलं, की सांगलीकडे हळद कशी लावतात, जमीन काळी की तांबडी, नदीचं पाणी शेताला कसं घेतात. मी सांगत गेलो. ते बारीक बारीक प्रश्न विचारत गेले. बादलीशी बोलणं बंद झालं.

तरी एका गोष्टीवरून माझं डोकं फिरलं. वाट झाली, पण वाफ्यांच्या भिंती काही होईनात. ते स्वतः विटा रचत, वर बसून बघत, उठत आणि वरचा थर काढून टाकत. दुसऱ्या दिवशी पुन्हा थर चढवत, पुन्हा बसत. एकदा मलाच बसायला लावलं. मी बसलो. त्यांनी माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुमचे पाय लांब. काही उपयोग नाही." मग ओसरीतली सासूबाईंची वेताची खुर्ची आणून विटांशेजारी ठेवली आणि दोन्हींवर पातळी मोजायची पाणसळ आडवी टाकून बघू लागले. मला वाटलं, ऊन लागलं बहुतेक.

"बाबा," मी म्हणालो, "भिंत वीतभर असली काय आणि हातभर असली काय, झाडांना काय फरक पडतो? आत झाडं मरताहेत. आणि ही सगळी आईंची झाडं आहेत. निदान त्यांना विचारायचं तरी होतंत."

ते करणीवरची चुनामाती अंगठ्याने पुसत बसले.

"विचारलं असतं तं नाही म्हणाली असती," ते म्हणाले. "घमेलं द्या इकडे."

मी घमेलं दिलं, पण मनात ठरवून टाकलं की आई परत आल्या की मी त्यांच्या बाजूने बोलणार.

ती वेळ लांब नव्हती. उमाठे काकूंनी रायपूरचा नंबर फिरवून मोगऱ्याच्या कूलरची बातमी पोचवली होती. संध्याकाळी फोन खणखणला. पलीकडून सासूबाईंनी मला विचारलं की अंगणात नक्की काय चाललंय. मी सासऱ्यांकडे बघितलं. ते दोन्ही हातांनी नाही-नाही करत होते. मी म्हणालो की थोडं इकडचं तिकडे केलंय, तुम्ही आल्यावर बघालच. त्या म्हणाल्या, "येते मी," आणि फोन ठेवला.

तिसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा दारात थांबली. छाया खाली उतरली, सासूबाई उतरल्या. लीलाबाई मुनघाटे म्हणजे ठेंगणी, गोल चेहऱ्याची, मोठ्याने न बोलणारी बाई. राग आला की आणखी हळू बोलायच्या. फाटक उघडून त्या आत आल्या आणि फरशीच्या सरळ वाटेवर उभ्या राहिल्या.

"तोंडली?"

"गेली," सासरे म्हणाले.

"अबोली?"

"ते डबे मागच्या अंगणात आहेत. सावलीत. जगली आहेत."

त्या दोन पावलं पुढे आल्या. वाळून तपकिरी झालेल्या हिरवळीकडे त्यांनी पाहिलं. "आणि ही चहापत्ती कोणी वाळत घातली?"

छायाने पदराआड तोंड केलं. सासरे शाळेच्या तोंडी परीक्षेला उभ्या राहिलेल्या मुलासारखे हात मागे बांधून उभे होते. मी बोलणार होतो ते त्या चेहऱ्याकडे बघून गिळून टाकलं.

सासूबाई मोगऱ्यापाशी गेल्या. पानं जवळजवळ संपली होती. त्यांनी धोतराचं टोक वर केलं, कूलरकडे पाहिलं, एक फांदी नखाने खरवडली. आतून हिरवी निघाली. प्रवासाने थकल्या होत्या. खरवडता खरवडता वाफ्याच्या भिंतीवर सहज बसल्या. वाफ्यात हरळी माजली होती. हात आपोआप तिकडे गेला. एक काडी उपटली, मग दुसरी. जरा सरकून पुढची. थोडं आणखी सरकून त्यापुढची. मुळाची माती झटकून त्या गवताचा ढीग मांडीजवळ करत होत्या आणि आम्ही तिघे वाटेवर तसेच उभे.

मग त्यांचा हात थांबला. त्यांनी खाली आपल्या पायांकडे पाहिलं. दोन्ही पावलं सपाट जमिनीवर टेकली होती. भिंतीचा आधार न घेता त्या उठून उभ्या राहिल्या. पुन्हा बसल्या. पुन्हा उठल्या.

"ही भिंत कोणी बांधली?"

"मी," सासरे म्हणाले. ते रस्त्यावरच्या विजेच्या खांबाकडे बघत होते.

"इतकीच उंच काहून?"

"विटा संपल्या."

त्यांच्या मागे, फाटकालगत, विटांची अख्खी थप्पी रचलेली होती. ती आम्हा सगळ्यांना दिसत होती.

सासूबाईंनी पदराने डोळे टिपले आणि लगेच खेकसल्या, पण हळू आवाजात, की भर नवतप्यात मोगरा हलवायचा तर फांद्या आधी अर्ध्या छाटायच्या असतात, एवढंही आयुष्यभर शेजारी राहून कळलं नाही का, आणि कात्री आणा, आणि ती चहापत्ती उचलून टाका, तिथे मी कोथिंबीर लावणार आहे. सासरे धावत कात्री आणायला गेले.

स्वयंपाकघरात छायाने मला सांगितलं. थंडी पडल्यापासून आईचे गुडघे गेले होते. खाली बसलं की उठता येत नव्हतं. कंबरेत वाकून, कशाला तरी धरून ती कशीबशी फुलं तोडायची आणि खुरपणी करते असं दाखवायची. कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर सगळे म्हणाले असते, आता बाग बंद कर. रायपूरला बाळाला अंघोळ घालून झाल्यावर पाटावरून उठताच येईना, तेव्हा छायाला कळलं.

"मग बाबांना कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"कुणीच नाही," छाया म्हणाली.

संध्याकाळी वाफ्यातली हरळी आणि मेलेली हिरवळ आम्ही फाटकाबाहेर नेऊन टाकली. छाटलेला मोगरा काठीसारखा दिसत होता, पण सासूबाई निवांत होत्या. म्हणाल्या, पंधरवड्यात फुटेल बघा. त्या भिंतीवर बसून अबोलीचे डबे एकेक करून रिकामे करत होत्या. कूलर पुन्हा बैठकीत गेला होता. सासरे आणि मी उंबऱ्यावर बसून चहा पीत होतो.

मला राहवेना. म्हणालो, "बाबा, मी वसाहतीत घरासाठी नाव लावलंय. पुढच्या महिन्यात मिळेल असं म्हणतात."

त्यांनी बशीतला चहा संपवला.

"माहीत आहे मला," ते म्हणाले.

एवढे दिवस जे वाक्य मनात घोळवत होतो ते बोलून झालं होतं आणि त्याचा आता मला काही आनंदही होत नव्हता.

"तिथे अंगण आहे का?" त्यांनी विचारलं.

"मागच्या बाजूला आहे. थोडंसं."

"ऊन कुठून येते?"

मला माहीत नव्हतं. मी ते घर बाहेरून एकदाच बघितलं होतं.

"बघून ठेवा," ते म्हणाले. "सकाळचं वेगळं, दुपारचं वेगळं. नीट बघा. मग मी येतो."

दुसऱ्या दिवशी पाळीवर जाण्याआधी मी वाट वाकडी करून वसाहतीत गेलो. दाराला कुलूप होतं, म्हणून घराला वळसा घालून मागे गेलो. तिथे फुटक्या कौलांचा ढीग आणि एक वाळकी एरंडी, एवढंच होतं. मी एका कोपऱ्यात उभा राहिलो. ऊन शेजारच्या कडुलिंबाआडून आलं, आधी कुंपणावर पडलं, मग हळूहळू माझ्या बुटांपर्यंत. पाळीचा भोंगा झाला तरी मी तिथेच होतो.